काटेरी शेजार

सिएटलच्या आसपास घर दाखवणारा एजंट मागच्या खिडकीपाशी आला की आवाज खाली आणतो आणि म्हणतो, "ग्रीनबेल्ट." म्हणजे मागे दुसरं घर नाही, पुढे कधी होणारही नाही, नुसता निसर्ग. या निसर्गाचे काही हजार डॉलर वेगळे असतात. ज्याचं लहानपण समोरच्यांचे वाळत घातलेले कपडे बघण्यात गेलं, तो मराठी माणूस एवढं हिरवं पाहून पुढचं काही विचारतच नाही. खरं तर एकच गोष्ट विचारायची असते: हे हिरवं आहे काय? उत्तर बहुतेक वेळा ब्लॅकबेरी असतं.

ब्लॅकबेरी म्हटलं की केकवर बसवलेलं काळं, चकचकीत फळ डोळ्यांपुढे येतं. इथली ब्लॅकबेरी हायवेच्या कडेला, रुळांच्या बाजूला, शाळेच्या मैदानामागे आणि बंद पडलेल्या पेट्रोल पंपावर राहते. तिची एकेक काडी वीस फूट जाते, कधी चाळीसही. लांबत लांबत वाकते, शेंडा जमिनीला टेकतो, तिथेच मुळं धरते आणि तिथून पुढे निघते. वॉशिंग्टन राज्याच्या उपद्रवी तणांच्या यादीत तिची नोंद 'सी' वर्गात आहे. हे वाचून आम्हाला आधी हायसं वाटलं. मग कळलं की 'ए' वर्गात जी तणं अजून थोडी आहेत ती येतात आणि ती उपटणं कायद्याने बंधनकारक असतं. 'सी' वर्गात येतात ती, जी इतकी पसरली आहेत की सरकारने हात टेकले. आमच्या काउंटीत ब्लॅकबेरी काढायची सक्ती नाही. काढलीत तर बरं होईल, एवढंच म्हणणं आहे.

त्यात तिचं नाव हिमालयन ब्लॅकबेरी. त्यामुळे ऑफिसात कुणाच्या हाताला काटा लागला की तो माझ्याकडे बघतो. "तुमच्याकडची ना ही?" मी दरवर्षी तोच खुलासा करते. कॅलिफोर्नियात सांता रोझा इथे ल्यूथर बरबँक नावाचे एक मोठे वनस्पती-संवर्धक होऊन गेले. फ्रेंच फ्राइजचा तो लांबट बटाटा, रसेट बरबँक, तोही त्यांच्याच बटाट्याच्या वंशातला. त्यांनी भारतातून आलेल्या बियांपासून ही वेल वाढवली, १८८५ मध्ये बाजारात आणली आणि झोकात नाव दिलं 'हिमालया जायंट'. झाडाचं मूळ आर्मेनिया आणि उत्तर इराणकडचं. शास्त्रीय नावही रुबस आर्मेनियाकस. भारताचा दोष फार तर पोस्टाच्या शिक्क्यापुरता. समोरचा मान डोलावतो, काटा काढत राहतो आणि पुढच्या ऑगस्टमध्ये पुन्हा विचारतो.

तर ज्या घराच्या मागे ही अशी फुकट, न लावता, न विचारता उगवलेली ब्लॅकबेरी असते, त्या घरातला माणूस वसंत ऋतू आला की नर्सरीत जातो आणि पैसे मोजून ब्लॅकबेरीचं रोप आणतो. आमच्या घरातला माझा नवरा. त्याचं म्हणणं असं की मागची ती तण, आणि ही 'ट्रिपल क्राउन'. बिनकाट्याची. अमेरिकी कृषी खात्याने १९९६ मध्ये आणलेली जात. चव, उत्पन्न आणि वाढ या तिन्ही बाबतींत पहिली म्हणून तीन मुकुट. दुकानात मूठभर बेरींच्या डबीला चार-पाच डॉलर पडतात हे त्याने मला सांगितलं, मग एक्सेलमध्ये मांडून दाखवलं. त्या एक्सेलमध्ये फावडं, हातमोजे, कंपोस्ट आणि पाठदुखीच्या गोळ्या यांचा रकाना नव्हता.

पहिल्या उन्हाळ्यात रोपांनी काड्या काढल्या. उंच, हिरव्या, देखण्या. फूल नाही, फळ नाही. कुंपणापलीकडे रानटीला घोस लगडले होते, ते कुंपणावरून आमच्या अंगणात ओणवून बघत होते. नवरा रोज सकाळी कॉफीचा कप घेऊन आपल्या झाडांपुढे उभा राहायचा आणि मग पलीकडच्या बेरी तोडून खायचा. शेवटी त्याने निफाडला व्हिडिओ कॉल लावला.

तिथे नाना असतात, म्हणजे माझे वडील. आमची द्राक्षबाग आहे. नानांनी ब्लॅकबेरी आयुष्यात पाहिली नव्हती, पण जावयाने फोन फिरवून झाड दाखवल्यावर त्यांनी एकच विचारलं, "काडी यंदाची आहे का?"

"हो."

"मग यंदा कसं फळ येईल, जावईबापू?"

आणि खरंच, सगळी ग्यानबाची मेख तिथेच आहे. ब्लॅकबेरीचं मूळ वर्षानुवर्षं जगतं, पण काडीचं आयुष्य दोन वर्षांचं. पहिल्या वर्षी ती नुसती वाढते. दुसऱ्या वर्षी तिच्या डोळ्यांतून बाजूच्या फांद्या फुटतात, त्यांवर फुलं, मग फळं. फळं संपली की ती काडी वाळून जाते. तोवर तिच्या बुडाशी पुढच्या वर्षाची हिरवी काडी उभी असते. म्हणजे भर उन्हाळ्यात एकाच झाडावर दोन पिढ्या नांदत असतात, एक कमावती आणि एक नुसतीच उंच होणारी. जो माणूस थंडी आली म्हणून सगळं झाड टापटीप कापून टाकतो, त्याला पुढच्या वर्षी फळ दिसत नाही, आणि तो नर्सरीवाल्याला शिव्या देतो. आमच्या गल्लीत अशी टापटीप माणसं बरीच आहेत.

पुढच्या मे महिन्यात नाना आणि आई सहा महिन्यांच्या व्हिसावर आले. नानांच्या बॅगेत सुपारी, सिकेटर आणि ब्रिक्स मीटर होतं. सिकेटर म्हणजे छाटणीची कात्री, ती कळली. फळाची गोडी मोजायचं यंत्र कशाला, विचारलं तर म्हणाले, "असू द्यावं." विमानतळावर अधिकाऱ्याने ते डोळ्याला लावून पाहिलं आणि परत दिलं. सुपारीवर मात्र बरीच चर्चा झाली.

दुसऱ्या दिवशी पहाटे जेट-लॅगमुळे जागे झालेले नाना अंगणात गेले. आम्ही उठलो तेव्हा ते रोपांपुढे खुर्ची टाकून बसले होते.

"एवढीच बाग?"

"एवढीच, नाना."

"यावर डावणी येते?"

"घरच्या दोन-चार रोपांना तसा त्रास नसतो."

"भुरी?"

"फारशी नाही."

"मग फवारण्या किती?"

"एकही नाही करत."

नाना बराच वेळ गप्प बसले. ऑक्टोबर छाटणीपासून माल उतरेपर्यंत द्राक्षावरच्या या दोन रोगांच्या धाकात आभाळाकडे बघत आणि पंप पाठीवर घेत ज्यांचं आयुष्य गेलं, त्यांना हे पचायला वेळ लागला. मग त्यांनी विचारलं, "मग तुम्ही दिवसभर करता काय?"

काम त्यांनीच शोधून काढलं. नवऱ्याने झाडं आधाराला म्हणून बांबूच्या काठ्यांना सुतळीने बांधली होती. नानांनी ते पाहून हुंकार दिला, आणि त्या आठवड्यात अंगणात लाकडी खांब रोवले गेले, दोन पातळ्यांवर तारा ओढल्या गेल्या, कोपऱ्याच्या खांबांना ताण दिले गेले. फळ देणाऱ्या काड्या एका बाजूला पंख्यासारख्या पसरून बांधल्या, नव्या काड्यांना दुसरी बाजू मोकळी ठेवली. हे शास्त्रशुद्धच आहे; इथल्या कृषी विद्यापीठांच्या पत्रकांतही तसंच सांगितलं आहे. फक्त पत्रकात रोप वाऱ्याने पडू नये एवढी ताकद अपेक्षित आहे. नानांचा मांडव एकरी दहा टनांचा माल पेलला असता. त्यानंतर सोसायटीचं पत्र आलं की आपल्या मागील अंगणातील 'बांधकामा'ची परवानगी घेतली आहे का. नवऱ्याने उत्तर लिहिलं की हे बांधकाम नसून फळझाडाचा आधार आहे. सोबत फोटो जोडला. फोटोत आधार दिसत होता, फळझाड शोधावं लागत होतं.

पाण्यावरून थोडा खटका उडाला. सिएटल म्हणजे पावसाचं गाव अशी नानांची समजूत होती, आणि ती चुकीची नाही. पण हा पाऊस हिवाळ्याचा. जुलै-ऑगस्टमध्ये, नेमकी फळं भरत असताना, इथे जवळपास कोरडं असतं. नवरा आठवण झाली की पाइप धरून पानांवर शॉवर द्यायचा. नानांनी पाइप काढून घेतला. "झाडाला अंघोळ नको, पाणी पाहिजे." मग दोघं दुकानात जाऊन ठिबकचं सामान घेऊन आले. लॅटरल, ड्रीपर, फिल्टर सगळं मिळालं, पण नानांना तिथला विक्रेता पसंत पडला नाही, कारण त्याने एकदाही उधारीचं विचारलं नाही.

जूनच्या शेवटी पलीकडच्या उतारावर शेळ्या आल्या. ग्रीनबेल्टमधली ब्लॅकबेरी हटवण्यासाठी सोसायटीने त्या भाड्याने आणल्या होत्या. या भागात ही रीतसर सेवा आहे. ट्रकमधून शेळ्या येतात, विजेच्या तारेचं तात्पुरतं कुंपण लागतं, एक बाई टोपी घालून खुर्चीवर बसते आणि शेळ्या काटे, पानं, काड्या सगळं मजेत खातात. मुलांना घेऊन लोक बघायला येतात. आई म्हणाली, "अगं, या तर आपल्याच शेळ्या!" आणि त्या बाईसाठी चहा घेऊन गेली.

मी नानांना सांगितलं की या शेळ्यांचे पैसे द्यावे लागतात. मला वाटलं, ते हसतील. ते म्हणाले, "मग? आपल्याकडं मेंढरं बसवतो तेव्हा धनगराला काय फुकट बसवतो का? धान्य द्यायचं, पैसे द्यायचे. रानाला खत मिळतं." मग त्यांनी उताराकडे नीट पाहून एक शेरा मारला, "पण यांच्यानं तण मरायचं नाही. गड्डा जमिनीत आहे." आणि हेही इथल्या तणाधिकाऱ्यांच्या सल्ल्याशी तंतोतंत जुळतं. वरचं कितीही खाल्लं, कापलं, तरी बुडाशी असलेला गड्डा खणून काढल्याशिवाय किंवा वर्षानुवर्षं पुन्हा पुन्हा कापल्याशिवाय हिमालयन ब्लॅकबेरी हटत नाही. शिवाय जमिनीत बी असतंच, आणि ते पेरायचं काम पक्षी बिनपगारी करतात.

शेळ्यांना तण आणि ट्रिपल क्राउन यांतला फरक मान्य नव्हता. तिसऱ्या दिवशी एक काळी शेळी, विजेची तार कुठेतरी ढिली पडली असावी, आमच्या कुंपणावर पुढचे पाय टेकून उभी राहिली आणि आमच्या नव्या काड्यांचे शेंडे तिने शांतपणे खाल्ले. नवरा ऑफिसच्या मीटिंगमधून कॅमेरा चालू ठेवूनच धावला. तोवर शेंडे संपले होते. टोपीवाली बाई माफी मागायला आली, नुकसानभरपाईची भाषा सुरू झाली. नाना पुढे झाले, एकेक काडी हातात धरून पाहिली आणि म्हणाले, "काही नुकसान नाही. मी उद्या हेच करणार होतो."

उन्हाळ्यात नवी काडी छातीइतकी झाली की तिचा शेंडा खुडायचा असतो. मग ती वर पळायचं सोडून बाजूला फांद्या फोडते, आणि पुढच्या वर्षी त्या फांद्यांवर जास्त फळ लागतं. द्राक्षातही शेंडा मारतातच. नानांनी शेळीचं काम बारकाईने तपासलं. एकच काडी तिने जरा जास्त खाली खाल्ली होती. "नवीन आहे," ते म्हणाले. "शिकेल."

फळ ऑगस्टमध्ये आलं. ब्लॅकबेरी तोडल्यावर पिकत नाही, त्यामुळे घाई करणाऱ्याला ती आंबटच भेटते. काळी झाली म्हणजे पिकली असंही नाही. चकाकी जाऊन थोडी मंद दिसू लागली आणि नुसतं बोट लावल्यावर हातात आली की तयार. नवऱ्याने वर्षभर वाट पाहिली होती, पण शेवटचे चार दिवस त्याला निघेनात. त्याने तोडली, खाल्ली आणि चेहरा गोड ठेवायचा प्रयत्न केला. नानांनी ब्रिक्स मीटर आणलं. आमच्या पिकलेल्या फळाचा एक थेंब काचेवर टाकून, सूर्याकडे तोंड करून, एक डोळा मिटून त्यांनी आकडा वाचला. दहाच्या आसपास. "आमच्याकडं सोळाच्या आत एक्स्पोर्टवाला बागेत पाय ठेवत नाही," ते म्हणाले. मग सहज म्हणून शेळ्यांच्या तावडीतून सुटलेल्या पलीकडच्या रानटी झाडाचं फळ पिळलं. परत पाहिलं. काच पुसून परत एकदा पाहिलं. तणाचा आकडा दोनाने जास्त होता.

या विषयावर आमच्या घरात चर्चा होत नाही.

त्या सुमाराला मराठी मंडळातल्या बायकांचा बेरी तोडायचा कार्यक्रम ठरला आणि आईला तिचा उन्हाळा सापडला. या तोडणीचे काही अलिखित नियम आहेत. पूर्ण बाह्यांचा जुना शर्ट घालायचा, कारण डाग जात नाही. कुत्र्याच्या उंचीच्या वरचीच फळं घ्यायची. रस्त्याच्या कडेची घ्यायची नाहीत, तिथे तणनाशक मारलेलं असू शकतं. उत्तम फळ नेहमी जाळीच्या मधोमध असतं. त्यासाठी अनुभवी लोक लाकडी फळी घेऊन येतात, ती काट्यांवर आडवी टाकून तिच्यावरून आत जातात. काट्यांची टोकं मागे वळलेली असल्यामुळे आत जाणं सोपं असतं. बाहेर येताना ओढणी, केस आणि संसार सगळं अडकतं. आई फळीवरून पार मध्यापर्यंत गेली आणि तिथून तिने बजावलं, "करवंदाच्या जाळीत वाढलेय मी. तुम्ही बाजूला व्हा."

घरी आल्यावर तिने बेरी मिठाच्या पाण्यात टाकल्या. थोड्या वेळाने पाण्यावर बारीक पांढऱ्या अळ्या आल्या. ही ठिपकेदार पंखांच्या फळमाशीची कृपा. ती २००८ मध्ये कॅलिफोर्नियात सापडली आणि वर्षभरात वॉशिंग्टनपर्यंत पोचली. साधी फळमाशी कुजक्या फळावर बसते. ही पिकू लागलेल्या चांगल्या फळाला भोक पाडून आत अंडी घालते. उपाय म्हणजे पिकेल तसं लगेच तोडणं आणि थेट फ्रीजमध्ये ठेवणं. नवऱ्याने पाणी पाहिलं आणि वाटी खाली ठेवली. नाना म्हणाले, "गोड असल्याशिवाय अळी शिरत नाही," आणि खात राहिले. आईने उरलेल्यांचा साखर, वेलदोडा घालून मुरांबा केला. बिया दातात अडकतात, पण पोळीबरोबर उत्तम लागतो. शेजारच्या अमेरिकन आजींनी तो टोस्टवर लावून खाल्ला आणि वेलदोड्याबद्दल दोनदा विचारलं.

जावयाने नानांना करमणूक म्हणून बॉयझनबेरीची गोष्ट सांगितली. कॅलिफोर्नियात रुडॉल्फ बॉयझन नावाच्या गृहस्थांनी ब्लॅकबेरी-रास्पबेरीच्या नात्यातला एक संकर केला आणि नाद सोडून दिला. वॉल्टर नॉट या शेतकऱ्याने ती मरायला टेकलेली झाडं शोधून काढली, आपल्या शेतात जगवली, १९३०च्या दशकात रस्त्याकडेला फळं विकू लागला. बायकोने चिकनची ताटं विकायला सुरुवात केली, गिऱ्हाइकं रांगा लावू लागली, रांगेतल्यांची करमणूक म्हणून काहीबाही उभं केलं, आणि आज तिथे रोलर कोस्टरवालं मोठं मनोरंजन उद्यान आहे. नाव अजूनही नॉट्स बेरी फार्म. नानांनी लक्ष देऊन ऐकलं. "कर्ज किती होतं त्याच्यावर?" त्यांनी विचारलं. जावयाला ते माहीत नव्हतं. मग नानांचा गोष्टीतला रस संपला.

सप्टेंबर उतरू लागला तेव्हा त्यांनी खरा विषय काढला. चार काड्या निफाडला न्यायच्या. "थंडी पाहिजे ना याला? आमच्याकडं पारा पाचावर येतो. पेपरात फोटो असतो." फोटो असतो, खरं आहे. पण अशा जातींना हिवाळ्यात साधारण सात अंशांखालचे काहीशे तास लागतात, तेव्हा कुठे डोळे नीट फुटतात. निफाडचा पारा पहाटे पाचावर येतो आणि दुपारी लोक सावली शोधतात. ब्लॅकबेरी पेपर वाचत नाही, ती तास मोजते. शिवाय परदेशातून रोप आणायचं तर आयात परवाना हवा, रोगमुक्तीचं प्रमाणपत्र हवं. नाना सगळं ऐकून म्हणाले, "त्या बरबँकला कुणी विचारलं होतं का?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

इंग्लंडात एक जुनी समजूत आहे: २९ सप्टेंबरच्या मायकेलमस सणानंतर ब्लॅकबेरी खाऊ नये. स्वर्गातून ढकललेला सैतान त्या दिवशी ब्लॅकबेरीच्या काट्यांत पडला, तेव्हापासून तो दरवर्षी येऊन फळांवर थुंकतो. आमच्याकडे त्याच सुमाराला पाऊस सुरू झाला आणि उरलेल्या फळांवर बुरशी चढली. आईने सैतानाची गोष्ट आवडीने ऐकली. नाना म्हणाले, "काढणीत पाऊस आल्यावर फळ सडणारच. त्याला सैतान कशाला लागतो?" आणि मोबाइलवर निफाडचं हवामान बघायला लागले.

जायच्या आधी त्यांनी एक काम करून ठेवलं. फळ देऊन झालेल्या प्रत्येक काडीला आईच्या विणकामातला लाल धागा बांधला. लाल ती कापायची, बिनधाग्याची हात लावायचा नाही. वाळलेली काडी आणि जिवंत काडी यांतला फरक तसा शाळकरी मुलालाही कळतो, पण जावयाच्या बाबतीत त्यांना धोका पत्करायचा नव्हता.

ते परत गेल्यावर एका शनिवारी नवरा नानांचं सिकेटर घेऊन बागेत उतरला. फोन कुंपणाला टेकवून निफाडशी जोडलेला. "जमिनीलगत काप. ठुणका ठेवू नको. ही झाली. आता पुढची." लाल धागे एकेक करून खाली आले. नव्या काड्या तारेला बांधायच्या वेळी एक काडी फार जाड आणि लांब निघाली, दोन खांब ओलांडून जाणारी. नवरा खूश झाला, तिला बांधायला गेला आणि ओरडला.

"काय झालं?" निफाडहून नानांनी विचारलं.

"काटे आहेत हिला."

फोन जवळ नेला गेला. काडी कुंपणाखालून आली होती, आमच्या ठिबकच्या पाण्यावर पोसली होती आणि तिचा शेंडा ट्रिपल क्राउनच्या बुडाशी मुळं धरून बसला होता. नवऱ्याने सिकेटर उघडलं. पलीकडे जरा वेळ आवाज आला नाही. आम्हाला वाटलं, रेंज गेली.

"जावईबापू," नाना म्हणाले, "राहू द्या ती. गोडीला चांगली आहे."